दारोदार हिंडण्याची लाज कसली, सिस्टर?

पत्र थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या ताई ६६ वर्षांच्या आहेत. सातारा जिल्ह्यातल्या डोंगरी भागात आरोग्य सेविका म्हणून ३३ वर्षं नोकरी करून २०१८ साली निवृत्त झाल्या. लॉकडाऊनमध्ये त्यांनी नोकरीतल्या आठवणी लिहायला घेतल्या आणि आज पाच दोनशेपानी वह्या भरल्या आहेत. साताऱ्याच्या ९९व्या साहित्य संमेलनात पुस्तकांचे गाळे बघितले आणि आपलंही पुस्तक व्हावं असं मनाने घेतलं. दोन प्रकाशकांना विचारलं. एकाचं उत्तर आलं नाही. दुसऱ्याने १ लाख ४० हजार रुपये मागितले: हजार प्रती छापायच्या, त्यातल्या ७०० ताईंनी घरी न्यायच्या, ३०० प्रकाशक विकणार. यजमान म्हणतात, फंडाचे पैसे असे घालवू नकोस. पुण्यातला मुलगा म्हणतो, छापतेस कशाला, पीडीएफ करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू. ताईंचा स्वतःचा प्रश्न असा: 'नावाजलेल्या प्रकाशकाने काढलं नाही तर त्याला पुस्तक म्हणायचं का? आणि या वयात स्वतःचं पुस्तक स्वतः छापून दारोदार विकत हिंडले, तर लोक काय म्हणतील?'

नमस्कार ताई,

पत्रासोबत वहीतल्या चार पानांची झेरॉक्स जोडलीत हे फार बरं केलंत. पावसाळ्यात लाँच बंद, रस्ता खचलेला, आणि अडलेल्या बाईला घोंगडीच्या झोळीत घालून चौघांनी डोंगर उतरवला, तो प्रसंग मी दोनदा वाचला. त्यात तुम्ही स्वतःच्या कौतुकाचा एक शब्द लिहिलेला नाही. झोळी धरणाऱ्यांपैकी कुणाची चप्पल चिखलात कुठे रुतून राहिली, ते मात्र लिहिलंत. असं बघणं आणि ते इतकी वर्षं लक्षात ठेवणं सगळ्यांना जमत नाही. म्हणून 'छापावं का' हा प्रश्न मी इथेच मिटवते. छापा. कसं, किती आणि कुणासाठी, यावर बोलू.

आधी त्या १ लाख ४० हजारांचा हिशेब मांडू, कारण पत्रातली निम्मी धास्ती त्या आकड्याची आहे. हजार प्रती म्हणजे प्रत १४० रुपयांना पडली. छापील किंमत ३०० धरा. पुस्तक दुकानात पोचवायचं तर वितरक आणि दुकानदार मिळून किमतीच्या ४० ते ५० टक्के घेतात. मधले ४५ धरले तर हातात १६५ उरतात. प्रकाशकाने आपल्याकडच्या ३०० प्रती सगळ्या विकल्या आणि आलेली पै न् पै तुम्हाला दिली, तरी ते ४९,५०० होतात. बहुतेक ठिकाणी त्यातला लहानसा हिस्साच लेखकाकडे येतो. समजा त्यांच्याकडून काहीच आलं नाही, आणि तुम्ही थोडी सवलत देऊन २५० ला प्रत विकलीत, तर घातलेले पैसे नुसते परत यायलाच ५६० प्रती खपवाव्या लागतील.

मी काही वर्षं प्रुफं तपासायचं काम करत होते. तेव्हा एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या घरी गेले होते. त्यांनी दिवाणाचं झाकण उचलून आतून मला पुस्तक काढून दिलं. आत एकावर एक गठ्ठे होते, छापखान्याची सुतळीही सोडलेली नव्हती. छापून आठ वर्षं झाली होती. पुस्तक चांगलं होतं, भाषा तर फारच गोड. पण हजार हा आकडा त्यांनी ठरवलेला नव्हता, छापणाऱ्याने ठरवला होता. आपल्याला ओळखणारी, आपलं वाचतील अशी माणसं किती, हे कुणी त्यांना विचारलंच नव्हतं. ते गठ्ठे बघून मला जे वाटलं ते आजही विसरता येत नाही, आणि तुमचं तसं होऊ नये असं मनापासून वाटतं.

आता त्याच प्रस्तावाकडे पुन्हा बघा. पैसे तुमचे, जोखीम तुमची, दहातल्या सात प्रती विकायची जबाबदारीही तुमची. मग त्यात प्रकाशकाचं काय? नाव, आणि छापून आणायची खटपट. म्हणजे ज्या गोष्टीला तुम्ही बिचकताय ती या प्रस्तावात आधीच आहे. पुस्तक तुम्हीच काढताय, फक्त त्यावर चिन्ह दुसऱ्याचं असेल.

पैसे घेऊन पुस्तक काढणारे सगळे फसवतात, असं मी म्हणणार नाही. काही जण संपादन, प्रुफं, मुखपृष्ठ नीट करून देतात आणि त्या कामाचे पैसे घेतात. तो सरळ व्यवहार झाला. पण मग कामागणिक दर लिहून मागा. फॉर्म किती (एक फॉर्म म्हणजे १६ पानं), कागद कोणता, प्रुफं किती वेळा आणि कोण वाचणार, चित्रकाराला किती देणार. हे लिहून द्यायला जो कांकूं करेल तिथे पैसे देऊ नका. करारात 'सर्व हक्क प्रकाशकाधीन' अशी ओळ असेल तर तिच्याखाली सही नको. तुमच्या लेखनाचा हक्क लिहिल्या क्षणापासून तुमचाच असतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो तुमच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. पुढे तो तुमच्या मुलाबाळांकडे जाणार आहे, म्हणून हे सांगितलं.

पण खरी टोचणी पैशांची नाही. 'त्याला पुस्तक म्हणायचं का' हे वाक्य तुम्ही पत्रात तीनदा लिहिलंय. कुणीतरी जाणत्याने 'हो, हे पुस्तक आहे' असं म्हणावं, ही तुमची इच्छा आहे, आणि त्यात काही गैर नाही. छापून आणणं हे एक काम आणि जाणत्यांची पसंती मिळवणं हे दुसरं. तुम्ही दोन्ही कामांसाठी एकाच खिडकीपुढे उभ्या राहिलात आणि ती बंद दिसली म्हणून परत फिरलात. पसंतीसाठी दुसऱ्या खिडक्या आहेत.

एक म्हणजे दिवाळी अंक. आपल्याकडे १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाने सुरू केलेली ही प्रथा अजून जोरात आहे, आणि अनुभवकथनाला त्यात नेहमीच जागा असते. अंकांची जुळवाजुळव उन्हाळ्यातच सुरू होते, म्हणून मे-जूनपर्यंत झोळीचा तो प्रसंग दीड-दोन हजार शब्दांत पक्का करून तीन-चार संपादकांना पाठवा, एकेकाला, आठ-दहा दिवस मध्ये सोडून. एका ठिकाणी जरी आला तरी तुम्हाला अनोळखी वाचक मिळतील, आणि अनोळखी वाचकाच्या एका फोनने जी खात्री पटते ती माझ्या पत्राने पटणार नाही. दुसरी खिडकी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची. त्यांची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठी आहे. तिथला 'नव' पुस्तकाला लागतो, वयाला नाही. हस्तलिखित द्यावं लागतं, म्हणून छापायच्या आधी अर्ज करायचा. अर्ज मागवल्याची जाहिरात निघते, तिच्यातल्या अटी नीट वाचा. नामवंत प्रकाशकांनाही पाठवायचं असेल तर जरूर पाठवा, पण सहा महिन्यांची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. तोवर उत्तर नाही आलं तर पुढे चालू लागायचं. उत्तर न येणं म्हणजे नापसंती, असं धरू नका. कित्येकदा पाकीट उघडलेलंच नसतं.

वयाबद्दल फार बोलत नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'चा पहिला भाग १९३४ साली आला तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडली होती, आणि शाळेत जाऊन शिकण्याचा योग त्यांना आला नव्हता. तुमच्याकडे तर ३३ वर्षं रोजच्या रोज नोंदी लिहिण्याचा सराव आहे.

आता दारोदार हिंडण्याबद्दल. ताई, हा शब्द तुमच्या लेखणीतून आला याचंच मला आश्चर्य वाटलं.

१९९५ साली पल्स पोलिओ सुरू झालं तेव्हा तुम्हाला नोकरीत दहा वर्षं झाली होती. व्हॅक्सिन कॅरिअर, म्हणजे लसीची थंड पेटी, खांद्याला लावून तुम्ही वाडी-वस्ती पालथी घातली असेल. बाळांच्या करंगळीला शाई लावली, घरांवर खडूने खुणा केल्या, आणि जिथे मूल झोपलंय म्हणून सांगून दार लावून घेतलं तिथे दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलात. २७ मार्च २०१४ ला आपला देश पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं, ते अशा दारोदार हिंडणाऱ्या बायांच्या पायांवर मिळालं. तेव्हा तुम्हाला लाज वाटली नाही, कारण हातातली वस्तू त्या घराच्या भल्याची आहे हे तुम्हाला ठाऊक होतं. पुस्तकाबद्दल तेवढी खात्री अजून वाटत नाही, एवढाच फरक आहे. लाज विकण्याची नाही, खात्री नसल्याची आहे. ती खात्री लेखनावर आणखी मेहनत घेऊन येईल, प्रकाशकाच्या चिन्हाने येणार नाही.

आपल्याकडे थोरामोठ्यांनीही हे केलं आहे. ज्ञानकोशकार केतकरांनी २३ खंडांचा ज्ञानकोश काढण्यासाठी कंपनी उभी केली, आणि ते व त्यांची माणसं वर्गणीदार मिळवत गावोगाव फिरली. प्रकाशनपूर्व सवलतीत नोंदणी करून घ्यायची आपली रीत जुनीच आहे. तुम्हीही तीच धरा.

त्यासाठी एक नवी वही घ्या. लाभार्थ्यांची यादी करायचात तशीच आडव्या-उभ्या रेघा मारा: नाव, गाव, फोन, किती प्रती, पैसे आले का. नावं आठवणीतून लिहा. सरकारी रजिस्टरातून काही उतरवून घेऊ नका, ती माहिती त्या कामापुरतीच होती. सोबतच्या सिस्टर, प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर, २००५ नंतर आलेल्या आशाताई, अंगणवाडीच्या बाई, शिक्षक, सरपंच, तुमच्या हातून जन्मलेली आणि आता तिशी-पस्तिशीला आलेली मुलं. एकेकाला फोन करा. 'पुस्तक घ्याल का' असं विचारू नका, त्याला सगळेच हो म्हणतात. 'छापील किंमत ३००, आधी नोंदवलं तर २५०, नाव लिहू का?' असं विचारा. पैसे आलेली नावं मोजा, त्यात पन्नास-साठ मिळवा. तेवढ्याच प्रती छापायच्या.

समजा हा आकडा २०० आला. डिजिटल छपाईत इतक्या कमी प्रतीही निघतात. प्रत मात्र महाग पडते. ती १७० ला पडली असं धरू. ३४ हजार झाले. २५० ला एक याप्रमाणे १३६ प्रती गेल्या की छपाईचे पैसे वसूल. डीटीपी (संगणकावर पानं जुळवणं) आणि मुखपृष्ठाचा खर्च वेगळा, तो उरलेल्या प्रतींतून यावा. प्रती संपल्या की पुन्हा शंभर काढता येतात. पुढे मागणी पाचशेच्या वर गेली तर ऑफसेट छपाईचा विचार करा, तिथे जास्त प्रती काढल्या की प्रत स्वस्त होते. यजमानांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, त्यांची काळजी खरी आहे. त्यांच्यासोबत बसून एक रक्कम ठरवा: एक रुपयाही परत आला नाही तरी औषधपाण्याला आणि घरखर्चाला धक्का लागणार नाही, अशी. तिच्यापुढे जायचं नाही. हिशेबाची वही त्यांच्याकडेच सोपवलीत तर आणखी बरं.

आता एक गोष्ट जी तुम्ही विचारलेली नाही, पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तुमच्या वह्यांमध्ये दुसऱ्या बायकांची आयुष्यं आहेत.

झोळीतून आणलेल्या बाईचं नाव, आडनाव, वाडी, सगळं त्या चार पानांत आहे. ती कदाचित आनंदाने 'माझं नाव घाला' म्हणेल. पण इतर प्रकरणं? लग्नाआधी दिवस गेलेली मुलगी, नवऱ्याकडून लागण झालेली बाई, चौथ्या मुलीनंतर माहेरी टाकलेली सून. नर्सबाईला त्यांनी जे सांगितलं ते सांगताना हे कधी छापलं जाईल असं त्यांना वाटलं नव्हतं. एचआयव्हीबाधित व्यक्तीची माहिती तिच्या संमतीशिवाय उघड करायला २०१७च्या कायद्याने बंदी आहे. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनेही गर्भपात करून घेणाऱ्या बाईची ओळख जपणं बंधनकारक केलं. पण कायदा नसता तरी मी तुम्हाला हेच सांगितलं असतं.

लहान गावात नुसतं नाव बदलून भागत नाही. 'वरच्या आळीतल्या मास्तरांची धाकटी सून' म्हटलं की अख्खी वाडी ओळखते. म्हणून निदान तीन गोष्टी बदला: गाव, साल आणि नातं. घटना तीच ठेवा. सगळे लेख एकदा वेगळे काढा. काही असे असतील की ज्यात फक्त कष्ट, पाऊस आणि माणुसकी आहे. ते त्या बाईला घरी जाऊन वाचून दाखवा. ऐकून ती काय म्हणते त्यातून तुम्हाला दोन नव्या ओळी मिळतील, आणि परवानगीही. काही लेख ओळख पूर्ण पुसूनच घेता येतील. आणि दोन-चार असे असतील की कितीही बदललं तरी ओळख लपणार नाही. ते वहीतच राहू देत. एखाद्या डॉक्टरच्या चुकीबद्दल लिहिलं असेल तर त्यांचं नाव आणि केंद्र दोन्ही काढा. राग बाजूला ठेवून फक्त काय घडलं ते लिहा, वाचकाला समजतं. पाच वह्यांचं पुस्तक पाच वह्यांएवढं असावं लागत नाही. मला वाटतं, १६० पानांत तुमचं उत्तम ते सगळं बसेल.

भाषेचंही सांगते. प्रुफं वाचणाऱ्याला आधीच बजावून ठेवा की बायकांच्या तोंडची वाक्यं सुधारायची नाहीत. 'बाई, कळा याय लागल्यात' हे 'प्रसूतिवेदना सुरू झाल्या आहेत' झालं की त्या बाईचा आवाज गेला. तुमच्या निवेदनाचं शुद्धलेखन मात्र नीट असू द्या.

छपाईच्या कामात अडखळायला होतं अशा जागा थोड्याच आहेत. हाताने लिहिलेलं टाइप करायला माणूस लावण्याआधी मोबाइलमधल्या मराठी व्हॉइस टायपिंगवर एक लेख मोठ्याने वाचून बघा. चुका होतील, पण वाचतानाच कुठे वाक्य लांबलंय ते कानाला कळेल, आणि टायपिंगचे पैसेही वाचतील. डीटीपीवाल्याला सांगा की मजकूर युनिकोडमध्ये हवा. जुन्या फाँटमध्ये केलं तर पुढे ई-बुक करताना सगळं पुन्हा करावं लागतं. काम संपल्यावर पीडीएफ, मूळ फाइल आणि मुखपृष्ठाची फाइल, तिन्ही पेन ड्राइव्हवर मागून घ्या. पैसे देताना हे ठरवलं नाही तर दुसऱ्या आवृत्तीला अडतं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून तो फुकट मिळतो आणि लेखकाला स्वतःच्या नावाने ऑनलाइन अर्ज करता येतो. आणखी एक काम बहुतेक जण विसरतात. स्वतः प्रकाशित केलंत की कायद्याने प्रकाशक तुम्ही. १९५४च्या कायद्याप्रमाणे पुस्तक प्रकाशित झाल्यापासून ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ठरलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांना प्रती पाठवायच्या असतात. तुमचं पुस्तक तिथे कायमचं जपलं जातं. 'त्याला पुस्तक म्हणायचं का' याचं एक उत्तर त्या कपाटातही आहे.

मुलाच्या पीडीएफचं म्हणाल, तर हेतू चांगला आहे. पण पीडीएफ एकदा सुटली की परत बोलावता येत नाही, आणि फुकट आलेली फाइल 'नंतर वाचू' म्हणून फोनमध्येच राहते. छापील प्रतींचे पैसे परत येईपर्यंत थांबायला सांगा. त्याला दुसरी कामं द्या: यूपीआयचा क्यूआर कोड, नोंदणीचा साधा फॉर्म, आणि तुमच्या आवाजात तीन-तीन मिनिटांचं वाचन रेकॉर्ड करणं. लेखातला अडलेला क्षण येईपर्यंत वाचायचं आणि थांबायचं. हे आशाताईंच्या ग्रुपवर किती पोचतं बघा. वर्षभराने किंडलवर ई-पुस्तक टाकता येईल, तिथे मराठी चालतं.

विकायचं कुठे? पुण्या-मुंबईच्या पुस्तकांच्या दुकानांमागे आत्ताच लागू नका. तुमच्या भागातली निम्मी घरं मुंबईच्या वाटेला लागलेली. जावळी-पाटणची कितीतरी माणसं माथाडी कामात गेली, कोपरखैरणे-घणसोलीला स्थिरावली. प्रत्येक गावाचं मुंबईत मंडळ असतं आणि चैत्र-वैशाखात ही सगळी मंडळी यात्रेला गावी येतात. तुमच्या हातून जन्मलेली मुलं त्यातच आहेत. मंडळाच्या अध्यक्षांना फोन करा, यात्रेच्या आदल्या संध्याकाळी मंदिराच्या सभामंडपात अर्धा तास मागा. एक लेख वाचा, शेजारी टेबलावर प्रती ठेवा. आपल्या आजीला कसं झोळीतून उतरवलं हे नातवाने ऐकलं की पुस्तकाची जाहिरात करावी लागणार नाही.

संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवाचे दिवस. एका फॉर्मची, १६ पानांची छोटी पुस्तिका काढा, एकच लेख असलेली, मागच्या पानावर पुस्तकाची किंमत आणि नोंदणीचा फोन. बचत गटाच्या बायकांना वाण म्हणून तीच लुटायला सांगा. प्लॅस्टिकच्या डब्यांना सगळ्याच कंटाळल्यात. ३ जानेवारीला खंडाळा तालुक्यातल्या नायगावला सावित्रीबाईंच्या जन्मगावी गर्दी असते. प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करता करता १८९७ साली त्या गेल्या. तिथे एका आरोग्य सेविकेचं पुस्तक असणं किती शोभेल. १२ मे हा परिचारिका दिन, नर्सिंग शाळांच्या प्राचार्यांना महिनाभर आधी पत्र पाठवा. तुमच्या वह्या त्या मुलींनी वाचायलाच हव्यात, पाठ्यपुस्तकात झोळी नसते. जिल्हा ग्रंथोत्सवात टेबल मिळतं का ते जिल्हा ग्रंथालय कार्यालयात विचारा. तालुक्यातल्या वाचनालयांना स्वतः भेटा. आणि भिलारला, पुस्तकांच्या गावाला, एक प्रत स्वतःच्या हाताने देऊन या. लांबच्या गिऱ्हाइकांसाठी टपाल खात्याने १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू केली आहे. ३०० ग्रॅमपर्यंतच्या पुस्तकाला २० रुपये आणि वर कर, असा सुरुवातीचा दर होता. पोस्टाच्या खिडकीवर आजचा दर आणि अटी विचारून घ्या.

प्रकाशन समारंभात पैसे घालू नका. हॉल, शाल-श्रीफळ, पुस्तक न वाचता आलेले पाहुणे, यात पन्नास प्रतींचे पैसे सहज जातात. तुम्ही पत्रात ज्या म्हाताऱ्या सुईणीचा उल्लेख केलात, सरकारी प्रशिक्षण मिळायच्या आधीपासून बाळंतपणं करणाऱ्या, त्या अजून आहेत ना? उपकेंद्राच्या ओट्यावर त्यांच्या हातून करा. प्रस्तावनेसाठीही मोठ्या लेखकाच्या दारात बसू नका. तुमच्यासोबत नव्वदच्या दशकात काम केलेल्या एखाद्या डॉक्टरांना दोन पानं लिहायला सांगा.

एका बाबतीत मन घट्ट करा. प्रती फुकट वाटायच्या नाहीत. सुईणबाई, झोळी धरणारे चौघं आणि ज्यांनी आपला प्रसंग छापू दिला त्या बाया, एवढ्यांना भेट द्या, सही करून. बाकी भाऊ असो, जाऊ असो, मुलाचा साहेब असो, २५० रुपये. पहिल्या चार-पाच जणांकडे मागताना जीभ अडखळेल. मग सुटेल.

वही आणलीत की यादीत पहिलं नाव माझं लिहा. एक प्रत. पैसे आधी पाठवते.